"पाय घसरला" म्हणणारी बाई आणि समोरची सिस्टर : नवऱ्याच्या मारझोडीबद्दल नर्सेसना शिकवणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या नर्सिंग शाळांच्या पाठ्यनिर्देशिका, वॉर्डाच्या इनचार्ज सिस्टर आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांवर एएनएमना (गावपातळीवरच्या आरोग्यसेविकांना) शिकवणारे यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. ‘कौटुंबिक हिंसाचार’ हा शब्द कागदावर ठीक आहे, पण ओपीडीत तो कुणी वापरत नाही. तिथे ‘त्रास देतो’, ‘हात उचलतो’, ‘पिऊन आला की मारतो’ असंच ऐकू येतं. शिकवतानाही हीच भाषा ठेवावी.

पोलीस आहेत, वकील आहेत, समाजसेविका आहेत. मग हे नर्सने कशाला शिकायचं?

कारण बाई त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या, कधी ना कधी लग्न झालेल्या स्त्रियांपैकी २५.२ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती झाल्याचं सांगितलं. देशाचा आकडा २९.३ टक्के आहे. त्याच सर्वेक्षणानुसार देशभरात हिंसा सोसलेल्यांपैकी जेमतेम १४ टक्क्यांनी कुणाकडे मदत मागितली होती.

पोलीस ठाण्याची पायरी न चढलेली हीच बाई एएनसी म्हणजे गरोदरपणातल्या तपासणीला येते, बाळाला डोस द्यायला येते, हाताला टाके घालून घ्यायला येते. दवाखान्यात जाते म्हटलं तर घरी कुणी अडवत नाही. घराबाहेर पडायला तिच्याकडे तेवढंच एक कारण असतं, आणि त्या दाराशी नर्स उभी असते.

एका दिवसात प्रशिक्षण उरकता येईल का?

उरकता येतं, पण हाती काही लागत नाही. दोन पूर्ण दिवस द्या आणि गट २० ते २५ जणींचा ठेवा. पहिल्या दिवशी दृष्टिकोन, खुणा ओळखणं आणि विचारणं घ्या. दुसऱ्या दिवशी धोका ताडणं, नोंद, कायदा आणि पुढे पाठवणं घ्या. त्यानंतर एक, तीन आणि सहा महिन्यांनी अर्ध्या अर्ध्या दिवसाची उजळणी ठेवा. ही उजळणी वगळली तर शिकलेलं महिन्याभरात ड्युटीच्या रगाड्यात विरून जातं.

एकच दिवस मिळाला तर कायद्याचं सत्र अर्ध्या तासावर आणा. बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं होतं. वकील बोलावतात, तीन तास कलमं चालतात, जेवणानंतर निम्मा वर्ग डुलक्या घेतो. संध्याकाळी सिस्टर कलमांचे आकडे पाठ करून घरी जाते, पण दुसऱ्या दिवशी काळानिळा डोळा घेऊन बाई समोर आली की पहिलं वाक्य काय बोलायचं हे तिला सुचत नाही. तोंडात बसलेली पाच-सहा वाक्यं आणि बंद होणारं एक दार एवढं मिळालं तरी प्रशिक्षण कामी आलं म्हणायचं.

पहिलं सत्र कुठून सुरू करावं?

नर्सेसच्या स्वतःच्या समजुतींपासून. वर म्हटलेल्या सर्वेक्षणात सात कारणं वाचून दाखवली होती: न सांगता बाहेर गेली, घराकडे किंवा मुलांकडे दुर्लक्ष केलं, वाद घातला, शरीरसंबंधाला नकार दिला, स्वयंपाक नीट केला नाही, नवऱ्याला तिच्यावर संशय आला, सासू-सासऱ्यांचा मान ठेवला नाही. यांपैकी निदान एका कारणासाठी नवऱ्याने बायकोला मारणं योग्य आहे असं देशातल्या ४५ टक्के स्त्रियांनी सांगितलं. नर्सेस याच घरांतून येतात.

ही सातही कारणं चिठ्ठ्यांवर छापा. प्रत्येकीने नाव न लिहिता ‘हो’ किंवा ‘नाही’ अशी खूण करून चिठ्ठी डब्यात टाकायची. डबा सर्वांसमोर उघडा आणि फळ्यावर आकडे मांडा. आकडे बघून वर्ग गप्प होतो. त्या वेळी प्रशिक्षकाने उपदेश सुरू करू नये. "यातलं कुठलं वाक्य आपण वॉर्डात बोलतो?" एवढं विचारावं आणि थांबावं. "तूही जरा गप्प बसत जा ना" हे वाक्य कुणीतरी हमखास कबूल करते, आणि तिथून पुढचं सत्र आपसूक चालतं.

वर्गातलीच एखादी सिस्टर घरी मार खात असेल तर?

असेल असं धरूनच चाला. सुरुवातीलाच सांगा की स्वतःचं काही सांगण्याची सक्ती नाही आणि कधीही उठून बाहेर जाता येईल. दोन्ही दिवस एक समुपदेशक शेजारच्या खोलीत बसलेली असू द्या. ‘स्वतःचा अनुभव सांगा’ असले खेळ घेऊ नका. एकाच रुग्णालयातल्या बायका असतात, दुपारी वर्गात सांगितलेलं संध्याकाळी ड्युटी रूममध्ये फिरतं.

प्रत्येक बाईला विचारायचं का?

नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही सरसकट सगळ्यांना विचारण्याचा नाही. खूण दिसली की विचारायचं. एएनसीत नेमाने विचारता येतं, पण त्यासाठी आडोसा, शिकलेली नर्स, ठरलेली पद्धत आणि पुढे पाठवायला जागा या चारही गोष्टी हव्यात. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची तपासणी असते, त्या गर्दीत हे जमत नाही, दुसरा दिवस निवडा.

खुणा शिकवताना फक्त काळानिळा डोळा दाखवू नका. हाताच्या बाहेरच्या बाजूचा मार बघायला शिकवा. वार अडवायला हात वर केला की कोपर ते मनगट या भागावर, करंगळीच्या बाजूने, फटका बसतो. काठीचा मार कातडीवर दोन समांतर रेषांसारखा उमटतो आणि मधली पट्टी फिकट राहते. सांगितलेलं कारण आणि जखमेची जागा जुळते का ते बघा. पायरीवरून पडणाऱ्याचे तळहात, गुडघे आणि कोपरं खरचटतात, कानामागे आणि दंडाच्या आतल्या बाजूला मार लागत नाही. मार लागल्यावर दोन दिवसांनी दाखवायला येणं, गरोदरपणात पोटावर मार, पुन्हा पुन्हा होणारे गर्भपात, सारखं अंग दुखणं, झोप नसणं, कीटकनाशक पिणं, आणि ‘स्टो फुटला’ असं सांगितलेलं भाजणं या सगळ्यांत विचारायलाच हवं. सगळ्यात बोलकी खूण वेगळीच असते. प्रश्न तिला विचारला जातो आणि उत्तर नवरा देतो.

नेमकं विचारायचं कसं?

आधी जागा. पडदा म्हणजे आडोसा नव्हे, पडद्याआडचं सगळं ऐकू जातं. दार लावता येईल अशी खोली शोधा. इंजेक्शन रूम, लेबर रूमच्या बाजूची खोली, काहीच नसेल तर दुपारनंतरची ड्रेसिंग रूम.

मग प्रस्तावना आणि प्रश्न, याच क्रमाने:

"ताई, इथे येणाऱ्या बऱ्याच बायकांना घरी त्रास असतो, म्हणून मी विचारते. तुम्ही सांगाल ते मी घरच्यांना सांगणार नाही. जिवाला धोका असेल किंवा तुमचं वय अठराच्या आत असेल, तर मात्र मला डॉक्टरांना सांगावं लागेल. घरी कुणाची भीती वाटते का? नवऱ्याने कधी हात उचलला का?"

मर्यादा आधीच सांगायची असते. ‘कुणालाच सांगणार नाही’ असा शब्द देऊन नंतर एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद) करावी लागली तर ती बाई पुन्हा कुठल्याच सिस्टरवर भरवसा ठेवत नाही.

अहिराणी बोलणाऱ्या बाईला पुस्तकी मराठीत विचारलं तर ती मान हलवते आणि मोकळी होते. "घरमा काही तरास शे का? तुले भ्याव वाटस का?" असं विचारलं की बोलणं सुरू होतं. ज्या नर्सला अहिराणी येते तिला वर्गात पुढे बसवा, बाकीच्यांनी तिच्याकडून शिकावं.

सराव तिघींच्या गटात घ्या: एक नर्स, एक बाई, एक निरीक्षक. सात मिनिटांनी भूमिका बदला. निरीक्षकाने तीनच गोष्टी टिपायच्या: दार लावलं का, नर्स बाईच्या डोळ्यांच्या पातळीला बसली का, आणि पहिलं वाक्य काय होतं. पहिल्या फेरीत जवळजवळ प्रत्येक नर्स उभ्याने, हातात पेन धरून विचारते. एरवी कितीही सांगून न पटणारं तेव्हा तिचं तिलाच दिसतं.

सासू किंवा नवरा बाजूला होत नसेल तर?

त्यांना कामाला लावा. "तुम्ही जरा केसपेपरवर शिक्का आणता का?" किंवा "बीपी-वजनाला एकटीनेच आत यायचं, असा नियमच आहे." नियम सगळ्यांना सारखा लावला की संशय येत नाही. लघवी तपासणीसाठी बाथरूमकडे नेणं ही आणखी एक वाट. तरीही जमलं नाही तर त्या दिवशी विचारू नका, पुढची तारीख लवकरची द्या. सोबत आलेल्यांच्या देखत विचारलेला प्रश्न बाईला घरी महागात पडतो. दुभाषी म्हणून सासूला, नणंदेला किंवा तिच्याच मुलीला तर कधीच घेऊ नका.

ती "हो" म्हणाली. आता?

पाच पायऱ्या आहेत: ऐकायचं, आत्ता काय हवं ते विचारायचं, विश्वास आहे हे बोलून दाखवायचं, सुरक्षिततेचा विचार करायचा, आणि मदतीशी जोडून द्यायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रशिक्षणाचा गाभा हाच आहे.

‘विश्वास’ ही पायरी सोपी वाटते आणि तिथेच जास्त चुका होतात. म्हणायचं ते एवढंच: "यात तुमची चूक नाही. तुम्ही सांगितलंत हे बरं केलंत." "इतकी वर्षं का सहन केलं?", "माहेरी का नाही गेलीस?", "मुलांकडे बघून राहा", "आधी त्याची दारू सोडवा" ही वाक्यं फळ्यावर लिहून त्यांवर काट मारा. यांतलं कुठलंच वाईट हेतूने बोललेलं नसतं. बाईला मात्र त्यातून एकच कळतं की दोष तिचाच आहे.

धोका किती आहे हे नर्सला कसं कळणार?

सहा प्रश्न पाठ असू द्या. गेल्या सहा महिन्यांत मार वाढला का? त्याने कधी हत्यार वापरलं किंवा दाखवलं का? गळा दाबला का? गरोदर असताना मारलं का? तो सतत संशय घेतो का? तो जीव घेईल असं तुम्हाला वाटतं का? तीन किंवा जास्त ‘हो’ आले तर त्या दिवशी तिला तशीच घरी पाठवू नका. डॉक्टरांना सांगून दाखल करून घेणं हाही एक आसरा असतो.

गळा दाबण्यावर स्वतंत्र अर्धा तास द्या, कारण तो नर्सेसच्या हातून सुटतो. मानेवर बहुतेकदा काहीच दिसत नाही. आवाज बसलाय का, गिळताना दुखतं का, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात लाल ठिपके आहेत का, त्या वेळी शुद्ध हरपली होती का, कपड्यात लघवी झाली होती का हे विचारा. मानेतल्या रक्तवाहिनीला आतून इजा झाली असेल तर काही तासांनी किंवा दिवसांनीही लकवा मारू शकतो. म्हणून ‘मानेला मुका मार’ असं लिहून वेदनाशामक देऊन पाठवू नये, डॉक्टरांना लगेच दाखवावं. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जोडीदाराने आधी गळा दाबलेल्या स्त्रियांचा पुढे त्याच्याच हातून खून होण्याचा धोका सुमारे ७ पट आढळला.

केसपेपरवर काय लिहायचं?

तिचे शब्द तिच्याच तोंडचे, अवतरण चिन्हांत. ‘घरगुती भांडणात मार’ ही नोंद कोर्टात कुणाच्याच उपयोगाची नसते. अशी लिहा:

रुग्ण सांगते : ‘काल रात्री नऊच्या सुमारास नवऱ्याने दांडक्याने डाव्या हातावर मारलं.’ डाव्या दंडाच्या बाहेरच्या बाजूस, कोपराच्या ६ सें.मी. वर, ५ × २ सें.मी. निळसर-जांभळा डाग, सूज, हात लावल्यास दुखते.

मोजपट्टी प्रत्येक टेबलावर हवी. शरीराचा पुढून-मागून आराखडा छापून ठेवा आणि त्यावर खुणा करा. डागाच्या रंगावरून ‘दोन दिवसांपूर्वीचा’ असं लिहू नका. डोळ्यांनी वय ठरवणं भरवशाचं नसतं आणि उलटतपासणीत तेच धरलं जातं. ‘म्हणे’, ‘असा आरोप’ हे शब्द टाळा. भाजलेल्या रुग्णाने ड्रेसिंग करताना काही सांगितलं तर वेळेसह शब्द जसेच्या तसे टिपा आणि लगेच डॉक्टरांना कळवा, म्हणजे दंडाधिकाऱ्यांकडून मृत्युपूर्व जबाब घ्यायला वेळ मिळतो.

एक अडचण पुस्तकात सहसा सापडत नाही. ओपीडीचा कागद आणि माता-बाल संरक्षण कार्ड बाईसोबत घरी जातं, आणि तिथे वाचणारे असतात. कार्डावर मारहाणीचा उल्लेख करू नका. सविस्तर नोंद रुग्णालयाच्या प्रतीत आणि एमएलसी रजिस्टरमध्ये ठेवा. तिची प्रत आत्ता न्यायची की इथेच ठेवायची हे तिलाच विचारा.

कायद्याचं किती शिकवायचं?

नर्सला कामाला येईल तेवढंच. घरगुती हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००५ सालचा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ पासून. कलम ७ प्रमाणे बाईने मागितल्यास दवाखान्याला उपचार द्यावेच लागतात, ‘आधी पोलिसांचा कागद आणा’ म्हणता येत नाही. या कायद्याच्या नियमांत नमुना १ म्हणजे घटना अहवाल आहे. तो आधी कुणी भरलेला नसेल तर दवाखान्याच्या प्रमुखाने भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे (याच कायद्याखाली बाईच्या मदतीसाठी नेमलेला सरकारी अधिकारी) पाठवायचा असतो. बाईला समजावून, विचारून भरा. वैद्यकीय अहवालाची प्रत तिला मोफत मिळते. कलम ४ प्रमाणे प्रामाणिक हेतूने माहिती देणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी जबाबदारी येत नाही. "उद्या मलाच कोर्टात उभं केलं तर?" हा वर्गात हमखास येणारा प्रश्न या कलमाने बराचसा मिटतो.

नवऱ्याकडून किंवा सासरच्यांकडून होणाऱ्या छळासाठी १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या ४९८-अ ऐवजी भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ आहे, जुन्या नोट्स बदला. बलात्कार आणि ॲसिड हल्ल्याच्या पीडितांवर सरकारी-खासगी सर्वच रुग्णालयांनी लगेच मोफत उपचार करायचे असतात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ३९७) आणि पोलिसांना कळवायचं असतं. उपचार नाकारणं गुन्हा आहे. पत्नी १८ वर्षांवरची असेल तर नवऱ्याची जबरदस्ती बलात्काराच्या व्याख्येत येत नाही, पण २००५ च्या कायद्यात ती लैंगिक छळ म्हणून येते आणि उपचारात काहीच फरक पडत नाही. एचआयव्ही प्रतिबंधाची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करायची आणि २८ दिवस घ्यायची, गर्भनिरोधाची तातडीची गोळी १२० तासांच्या आत, जितक्या लवकर तितकी बरी. गरोदर मुलगी १८ च्या आत असेल तर, लग्न झालेलं असलं तरी, पोक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) कळवणं बंधनकारक आहे.

एमएलसी करायची की नाही हा निर्णय वैद्यकीय अधिकाऱ्याचा. भाजणं, विष, गंभीर जखम यांत ती होतेच. पोलिसांत तक्रार करायची की नाही हे सज्ञान बाईने ठरवायचं. तिने नकार दिला तर तो नकार समजावून लिहून घ्या.

नवऱ्याला बोलावून दम दिला तर?

देऊ नका. बाईने तोंड उघडलं हे त्याला कळतं आणि रात्री त्याची वसुली होते. जोडप्याला समोरासमोर बसवून समेट घडवणं हे नर्सचं काम नाही.

नंदुरबारच्या धडगाव, अक्कलकुवा, तळोदा भागात वेगळं काय शिकवावं?

बरंच काही. पहिली गोष्ट भाषा. भिली, पावरी किंवा मावची बोलणारी आरोग्य कर्मचारी लागते, पण ती त्याच पाड्यावरची नको. पाड्यात सगळे एकमेकांचे नातलग असतात. आशाताई त्याच्याच भावकीतली निघाली तर तिलाही पेच पडतो, मग शेजारच्या उपकेंद्राची एएनएम बोलवा.

दुसरी गोष्ट, काही जोडपी लग्नविधी न करता वर्षानुवर्षं एकत्र राहतात. "लग्नच नाही, मग कायदा कसला?" असं नर्सने परस्पर सांगून टाकू नये. लग्नासारखे संबंध २००५ च्या कायद्यात बसतात, बाकीचं संरक्षण अधिकारी बघतील.

तिसरी गोष्ट स्थलांतर. दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातकडे गेलेली बाई महिन्याभराच्या तारखेला येणारच नाही. पाठपुराव्याची तारीख कॅलेंडर बघून देऊ नका. होळीला सातपुड्यातली माणसं गावी येतात, तेव्हाची द्या. जाण्याआधी १८१ हा महिला मदत क्रमांक तोंडपाठ करून घ्या, कागद हरवतो.

अंतराचाही विचार हवा. दुर्गम पाड्यावरून नंदुरबारला पोचायला अर्धा दिवस सहज जातो. ‘सखी सेंटरला (त्रासातल्या बायकांसाठीच्या सरकारी मदत केंद्राला) जा’ म्हणणं पुरत नाही. गाडी कुठली, उतरायचं कुठे, सोबत कोण आणि पोरं कुणाकडे हे चारही प्रश्न सुटल्यावरच पुढे पाठवलं असं समजा.

पुढे पाठवायचं ते कुठे?

सखी वन स्टॉप सेंटरमध्ये समुपदेशन, कायद्याची मदत आणि साधारण पाच दिवसांपर्यंत निवारा मिळतो. संरक्षण अधिकारी महिला व बालविकास विभागाचे असतात. तातडीला ११२, लहान मुलांसाठी १०९८, मनाच्या त्रासासाठी टेली-मानस १४४१६. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू झालेल्या ‘दिलासा’ने दाखवून दिलं की असं केंद्र रुग्णालयाच्या आतच चालू शकतं, बाईला दुसऱ्या दारी जावं लागत नाही. तुमच्या रुग्णालयात तसं नसेल तर निदान एका सिस्टरचं नाव ठरवा. प्रशिक्षणाच्या आदल्या दिवशी यादीतल्या प्रत्येक नंबरवर स्वतः फोन लावून बघा. बंद नंबर बाईच्या हाती देण्यापेक्षा नंबर न दिलेला बरा.

एवढं करून ती त्याच्याकडेच परत गेली तर?

जाईल. अनेकदा जाईल. पैसा त्याच्या हातात, पोरं तिथे, माहेरी भाऊ-भावजय. नर्सेस इथेच खचतात आणि पुढच्या बाईला विचारायचं सोडून देतात, म्हणून हे वर्गातच बोला. परत जाणाऱ्या बाईसोबत जाण्याआधी एवढं ठरवा: आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक किंवा त्यांच्या झेरॉक्स कुणाकडे ठेवायच्या, रात्री धावायची वेळ आली तर कुठल्या घरी, आणि भांडण पेटलं की स्वयंपाकघरात न थांबता दाराकडे सरकायचं, कारण विळा आणि रॉकेल तिथेच असतं.

प्रशिक्षण लागू पडलं हे कसं मोजायचं?

लेखी परीक्षेच्या गुणांनी नाही. तीन महिन्यांनी दहा केसपेपर काढा आणि तिचे शब्द, जखमेचं माप, आराखडा आणि पुढे पाठवल्याची नोंद या चार गोष्टी तपासा. रजिस्टरमधला आकडा वाढला तर वरिष्ठ घाबरतात, "आपल्याकडे एवढं कधी नव्हतं" म्हणतात. होतं, विचारलं जात नव्हतं. वर्षभर शून्य नोंद असलेल्या केंद्राला मात्र आधी भेट द्या.

खोलीत काय काय लागतं?

गोलात मांडायला हलक्या खुर्च्या, टेबलं नकोत. चिठ्ठ्यांचा डबा, सें.मी.च्या मोजपट्ट्या, आराखड्याच्या प्रत्येकी तीन प्रती, नमुना १ च्या कोऱ्या प्रती. आणि ब्रदर मंडळींनाही, म्हणजे पुरुष नर्सनाही, बोलवा. रात्रीच्या कॅज्युअल्टीत बऱ्याचदा तेच असतात. त्यांनी बाईला प्रश्न विचारताना सोबत एक महिला कर्मचारी ठेवायची, हेही सरावातच करून घ्या.